भूक कोणाच्या ताब्यात? पंचवीस वर्षांचा मागोवा

१ मे १९९९ रोजी मराठवाड्यात परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ओसाकाच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा या जपानी संशोधकांनी जठरातून रक्तात सुटणारे एक नवे संप्रेरक सापडल्याचे जाहीर केले. त्याचे नाव घ्रेलिन. ते भूक चेतवते, हे पुढच्या एक-दोन वर्षांत सिद्ध झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्यानंतरच्या पाव शतकात आपल्या ताटातले अन्न बदलले आणि अन्नाला पोट कसे उत्तर देते याचे ज्ञानही बदलले. अन्नातला बदल गावोगाव पोहोचला, ज्ञान मात्र फारसे पोहोचले नाही. म्हणून हा मागोवा.

आतड्याच्या संप्रेरकांची गोष्ट तशी जुनी. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणारे सगळे मज्जातंतू कापले आणि त्या भागात आम्ल सोडले. तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. निरोप मज्जातंतूंवाटे गेला नव्हता, तो रक्तातून गेला होता. तो नेणारे द्रव्य म्हणजे सिक्रेटिन. १९०५ मध्ये जॉन एडकिन्स यांनी जठरातील आम्ल वाढवणारे गॅस्ट्रिन दाखवले, तर १९२८ मध्ये पित्ताशय आकुंचित करणारे कोलेसिस्टोकायनिन सापडले. १९६४ मध्ये आणखी एक कोडे पुढे आले. तेवढीच साखर शिरेतून देण्याऐवजी तोंडावाटे दिली, तर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटते. म्हणजे साखर आल्याची वर्दी आतडेच स्वादुपिंडाला देत असले पाहिजे. ती देणाऱ्या दोन संप्रेरकांची ओळख पुढच्या दोन-अडीच दशकांत पटली: जीआयपी आणि जीएलपी-१.

हे सगळे आपल्या पोटात रोज घडते. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी किंवा सेनगावच्या शिवारात दुपारी कोणी ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसले आहे असे समजा. घास जठरात पोहोचताच गॅस्ट्रिन आम्ल वाढवते. आंबट झालेले अन्न लहान आतड्याच्या तोंडाशी आले की सिक्रेटिन स्वादुपिंडाकडून अल्कधर्मी रस मागवते आणि आम्ल शमते. चटणीतल्या तेलाची चाहूल लागताच कोलेसिस्टोकायनिन पित्त सोडायला लावते, जठराला सावकाश रिकामे व्हायला सांगते आणि मेंदूला ‘आता पुरे’ असे कळवू लागते. भाकरीतला पिष्टमय भाग हळूहळू पचत पुढे सरकतो. त्यातला काही लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत जातो. जीएलपी-१ आणि पीवायवाय तयार करणाऱ्या पेशी तिथे दाट असतात. ही दोन्ही संप्रेरके भूक आवरतात. जीएलपी-१ इन्सुलिन वाढवते, तेही रक्तात साखर चढलेली असेल तेव्हाच. मोठ्या आतड्यात उरलेला चोथा जिवाणू आंबवतात आणि त्यातूनही याच पेशींना चालना मिळते.

घ्रेलिनचा स्वभाव एकादशी करणाऱ्यांना न शिकवता ठाऊक आहे. याच जिल्ह्यातल्या नर्सी नामदेवला जाणाऱ्या कोणत्याही वारकऱ्याला विचारा. रोजच्या जेवणाच्या वेळेला भूक कडाडून लागते, आणि काही खाल्ले नाही तरी तास-दोन तासांनी ओसरते. २४ तास उपाशी राहिलेल्या माणसांचे रक्त तपासले तेव्हा घ्रेलिनही तसेच वागताना दिसले. नेहमीच्या जेवणाच्या वेळेला ते चढले आणि आपोआप उतरले. भूक म्हणजे केवळ रिकामे पोट नव्हे, ती शरीराने पाळलेली वेळही असते.

आता ताटाकडे पाहू. या पंचवीस वर्षांत मराठवाड्यात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. वसमतची हळद देशभर नावाजली, तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. नगदी पिके वाढली, पण घरची ज्वारी कमी झाली आणि रेशनचा गहू-तांदूळ रोजचा झाला. सकाळच्या चहाबरोबर बिस्कीट, टोस्ट, खारी आली. मऊ, बारीक दळलेले आणि गोड अन्न आतड्याच्या सुरुवातीलाच शोषले जाते. साखर झपाट्याने चढते आणि खालच्या टप्प्यातल्या पेशींपर्यंत फारसे काही पोहोचत नाही.

परिणाम आकड्यांत दिसतो. आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या राष्ट्रीय अभ्यासाच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत महाराष्ट्रातील ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला आणि १२.८ टक्के त्याच्या उंबरठ्यावर होते. त्याच अभ्यासाचा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला देशव्यापी आकडा ११.४ टक्के होता.

याला केवळ आजचे ताट कारणीभूत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील माता आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास होती. ती इंग्लंडमधील बाळांपेक्षा किडकिडीत होती, पण त्यांच्या अंगावरची चरबी त्या मानाने कमी झालेली नव्हती. पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त आढळले. आईच्या पोटात अर्धपोटी वाढलेले शरीर पुढे भरल्या ताटाला तोंड देताना थकते. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या मराठवाड्याने ही गोष्ट स्वतःच्या घरची म्हणून ऐकावी.

२०१७-१८ च्या सुमारास डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांच्या आत जेवा, असा सल्ला दिला आणि तो घरोघर पोहोचला. ‘प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन सुटते’ हे वाक्य साध्या माणसांच्या तोंडी आले. त्या पद्धतीच्या परिणामांवर मतभेद आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण सोडणे धोक्याचे आहे. पण संप्रेरक हा शब्द मराठवाड्याच्या ओट्यावर आणण्याचे श्रेय त्या चळवळीला द्यावेच लागेल.

याच पाव शतकात औषधेही आली. जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते. अमेरिकेतील गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखेच पण टिकाऊ द्रव्य सापडले आणि २००५ मध्ये त्यावर आधारलेले इंजेक्शन बाजारात आले. जीएलपी-१ मोडणारे विकर रोखणारी सिटाग्लिप्टिन ही गोळी २००६ ची. भारतात २०२२ मध्ये तिचे पेटंट संपले आणि किंमत सामान्यांच्या आवाक्यात आली. २०२५ मध्ये आतड्याच्या संप्रेरकांसारखे काम करणारी दोन इंजेक्शने, टिर्झेपेटाइड आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड, भारतात आली. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची; त्यानंतर हे इंजेक्शनही स्वस्त होण्याचा मार्ग मोकळा होतो.

या औषधांनी मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते एक सत्य उघड केले. सेमाग्लुटाइड थांबवल्यावर वर्षभरात कमी झालेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आले. त्याआधी, २००२ मध्ये, आहाराने वजन घटवलेल्या माणसांचे घ्रेलिन वाढलेले आढळले होते. शरीर गमावलेले वजन परत मागते. तेव्हा ‘तोंडावर ताबा नाही म्हणून शुगर वाढली’ हा आपल्याकडचा ठरलेला शेरा शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. जाड माणूस आळशी नसतो आणि मधुमेही माणूस जिभेचा गुलाम नसतो. त्याला उपचार हवेत आणि घरच्यांची साथ हवी.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. आता याच जिल्ह्यात शिकणारी मुले-मुली ही संप्रेरके अभ्यासतील. त्यांनी ती भाकरी, वरण आणि एकादशीच्या भाषेत गावाला समजावून सांगावीत. वाचकांनीही एवढे करावे: तिशी ओलांडली असेल तर जवळच्या आरोग्य केंद्रात साखर तपासून घ्या. आठवड्यात चार-पाच वेळा तरी ज्वारी ताटात येऊ द्या. वजनाचे इंजेक्शन डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नका. आणि घरातल्या मधुमेही माणसाला खाण्यावरून टोचून बोलणे आजपासून बंद करा.