पहिलं विणकाम : स्वेटर नको, कानटोपी घ्या!

दिवाळीचा फराळ संपत आला, पहाटे अंगावर काटा येऊ लागला, की आमच्या नागपूरच्या बायकांना लोकरीची आठवण होते. सीताबर्डीला, इतवारीला चक्कर होते, रंग मनात भरतो, दुकानदार विचारतो, "कशासाठी पाहिजे ताई?" आणि आयुष्यात कधी सुई हाती न धरलेली बाई ठामपणे सांगते, "यांच्या स्वेटरसाठी!" पुढचं काय सांगावं! एक पाठ, अर्धा पुढा, आणि मग ती पिशवी कपाटाच्या वरच्या कप्प्यात. किती घरांतून मी ही पिशवी पाहिली आहे! लोकरीचे पैसे जातातच, शिवाय "आपल्याला काही हे जमत नाही बाई" असा शिक्का बाई स्वतःच स्वतःवर मारून घेते. जमलं असतं खरं म्हणजे. चुकलेली असते ती निवड.

मी शाळेत अर्धा दिवस गणित शिकवते, तेव्हा हिशेब मांडूनच सांगते. नवशिकी बाई मिनिटाला साधारण दहा टाके विणते. मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा, तीन पदरी लोकरीचा स्वेटर म्हणजे सुमारे ऐंशी हजार टाके. म्हणजे 133 तास. दुपारची जेवणं आटोपून, मुलं शाळेतून यायच्या आत रोज एक तास मिळाला असं धरलं (तोही रोज कुठला मिळतो!), तरी साडेचार महिने झाले. दिवाळीला सुरू केलेला स्वेटर तयार होणार मार्चअखेरीस, म्हणजे कूलरला नवीन वाळा भरायच्या वेळी. आमच्याकडची थंडी मोठी कडक, पण मुक्काम दोनच महिन्यांचा. 29 डिसेंबर 2018 ला इथे पारा 3.5 अंशांवर उतरला होता आणि सकाळच्या शाळेच्या मुलांचे कान लालबुंद झाले होते. तीच मुलं होळीनंतर पंख्याखालून हलत नाहीत.

पुष्कळजणी सांगतात, मफलरपासून सुरुवात करा, तो सरळसोट असतो. सरळसोट आहे खरा, पण लांबी पाहा. आठ इंच रुंद आणि पाच फूट लांब मफलर चार पदरी लोकरीत केला तरी चाळीस टाक्यांच्या सहाशे ओळी होतात. चोवीस हजार टाके, चाळीस दिवस, आणि रोज तेच ते. निम्म्यावर कंटाळा येतोच. "बाई, हे तर संपूनच नाही राहिलं!" हे वाक्य मी मफलरवाल्यांच्याच तोंडून जास्त ऐकलं आहे.

बाळमोज्यांचं तर विचारूच नका. कुणाचं डोहाळजेवण ठरलं, की बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपट्यांबरोबर आपल्या हातचे मोजे असावेत अशी हौस येते. मोजा दिसतो एवढासा. पण लोकर बारीक, सुया 12 नंबरच्या, टाचेजवळ टाके कमी करायचे, आणि दुसरा मोजा पहिल्यासारखाच व्हायला हवा. बाळ काही आपल्या टाक्यांसाठी थांबत नाही. ते काम दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला ठेवावं.

माझ्या मते पहिली वस्तू कानटोपीच. पंचेचाळीस टाके आणि साधारण एकशे ऐंशी ओळी म्हणजे आठ हजार शंभर टाके. साडेतेरा तासांत, म्हणजे दोन आठवड्यांत हातावेगळी, आणि त्याच थंडीत डोक्यावर! ती आडवी विणायची, म्हणजे टाके कमी-जास्त करायची भानगडच नाही.

लोकर चार पदरी, गुळगुळीत, फिक्या रंगाची घ्या. काळ्या लोकरीत टाका दिसत नाही आणि केसाळ लोकर उसवताना रडवते. शंभर ग्रॅम पुरून उरते. अॅक्रिलिक असली तरी बिघडत नाही. मशीनमध्ये धुता येते, आकसत नाही. गुंड्यावरच्या चिठ्ठीवर रंगाचा लॉट नंबर असतो, तो सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना बघा. मागून आणलेल्या गुंड्याचा रंग हमखास वेगळा दिसतो. सुया 8 नंबरच्या. आपल्याकडच्या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते, पण हल्ली पाकिटावर मिलिमीटरही असतात आणि तिथे उलटं. आठ नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. बांबूच्या मिळाल्या तर उत्तम, स्टीलवरून टाके सटकतात.

आधी पंधरा टाक्यांच्या तीस ओळी विणून फूटपट्टी लावा. रुंदी तीन इंच भरली तर हात बरोबर आहे. साडेतीन भरली तर हात सैल. मग टोपीला 39 टाके पुरे. हा तुकडा विणायचा सगळ्यांना कंटाळा असतो, पण तोच पुढची उसवाउसवी वाचवतो.

आता टोपी. 45 टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलट विणा. दर दहा ओळींनी टाके मोजा. 46, 47 भरले तर समजा, ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे गेला आणि पहिल्या टाक्याचे दोन झाले. धागा सुईखालून लोंबता असू द्या. टाका गळाला तर घाबरू नका, क्रोशाच्या सुईने वर घेता येतो. पट्टी शाळकरी मुलासाठी अठरा इंच, मोठ्यांसाठी एकोणीस झाली की टाके बंद करा. सुरुवातीचा आणि शेवटचा काठ जोडून शिवा. एका लांब कडेतून दुहेरी धागा ओवून घट्ट ओढा, गाठ मारा. खालची कड दीड इंच दुमडली की कान झाकले.

"एवढं कशाला, तिबेटी लोकांकडे तयार मिळतात की!" असं घरातून हमखास ऐकू येईल. मिळतात, आणि चांगल्याही असतात. आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, आणि दर हिवाळ्यात नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात. पण त्यांचा बराचसा माल लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला असतो. ज्या आजोबांना प्रत्येक टोपी कपाळाला रुतते, त्यांच्या मापाची टोपी तिथे कशी मिळायची?

उरलेल्या लोकरीचा गोंडा करून शेंड्यावर लावा. जिथे धागा ओढला तिथली भोकं त्याखाली झाकली जातात. आजोबांच्या टोपीला मात्र लावू नका, ते ती घालणार नाहीत.