उघड्या मालमोटारीवरील भार बांधण्याचें साहित्य

कडब्याची गाडी नाड्यानें कशी आवळावी हें आपल्या शेतकरी बंधूंस शिकविण्याची गरज नाहीं. परंतु मळणीयंत्र, लोखंडी नळ वा इंजिन उघड्या मालमोटारीवरून नेणें निराळें. मोटार एकाएकीं थांबली कीं चाकें थांबतात, पण वरील वस्तु पुढें जाऊं पाहते. जड वस्तु आपल्या वजनानेंच जागीं बसून राहील, ही समजूत घातक आहे. पुढें जाण्याचा तिचा जोरही तितकाच मोठा असतो. अशा वेळीं हांकणाऱ्याचा, किंवा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव एका पट्ट्यावर अवलंबून राहतो.

अमेरिकेंत सपाट, उघड्या मालमोटारींचा धंदा मोठा असल्यामुळें तेथील सरकारनें याविषयीं आंकडे ठरविले आहेत, ते आपणांसही उपयोगी पडतील. गाडी थांबतांना वजनाच्या १० हिश्शांपैकीं ८ हिस्से जोर पुढें आला, किंवा वळणावर ५ हिस्से बाजूस आला, तरी भार सरकतां कामा नये. शिवाय सर्व बंधनांची मिळून सुरक्षित मर्यादा वजनाच्या निदान निम्मी पाहिजे. सुरक्षित मर्यादा व तुटण्याची मर्यादा यांत बहुधा तिप्पट अंतर असतें. दुकानदार मोठा आंकडा सांगतो. आपण पट्ट्यावर शिवलेल्या चिठ्ठीवरील लहान आंकडा वाचावा. चिठ्ठीच नसेल तर तो पट्टा घेऊं नये.

३ टनांच्या यंत्रास या हिशेबानें दीड टन मर्यादा पुरते, म्हणून एकाच पट्ट्यावर भिस्त ठेवणें वेडेपणाचें होईल. चारी कोपरे स्वतंत्र बांधावे. भारावरून नेलेला पट्टा केवळ दाबून धरतो, व तो तिरपा असला तर तेंही पुरतें नाहीं: तक्तपोशीशीं ३० अंशांचा कोन झाला तर त्याच्या ताणाचा निम्माच भाग खालीं दाबण्याच्या कामीं येतो. सखल मालाखालीं रबराची चटई घातल्यास घसरण पुष्कळ कमी होते.

नायलॉनचा दोर ताणतो, व भिजल्यावर दुबळा होतो. तो ताडपत्रीपुरता ठेवावा. भारासाठीं पॉलिएस्टरचा, दांतेरी चक्रानें आवळावयाचा पट्टा घ्यावा, ज्यास बाजारांत रॅचेट पट्टा म्हणतात. लोखंडी यंत्रास साखळी उत्तम, पण एकाच दिशेस साखळी व पट्टा एकत्र लावूं नयेत. साखळी ताणत नाहीं, त्यामुळें सारा जोर तिच्यावरच पडतो. धारेवर जुन्या टायरचा तुकडा ठेवावा. पट्ट्यास गांठ तर कधींच मारूं नये. त्याची शक्ति सुमारें निम्म्यावर येते.

साहित्य सुकवून, गुंडाळून, झांकणाच्या पेटींत न्यावें. बॅटरीच्या तेजाबाशेजारीं ठेवूं नये. प्रत्येक पट्ट्यास क्रमांक देऊन खरेदीची तारीख वहींत टिपावी. जन्मभर दप्तर सांभाळलेल्याची ही खोड म्हणा, पण कोणता पट्टा जुना झाला हें आठवणीनें सांगतां येत नाहीं.

बांधणी भक्कम आहे म्हणून जादा माल मात्र भरूं नये. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास आणखी २,००० रुपये दंड आहे. निघाल्यावर पहिल्या ८० किलोमीटरांच्या आंत एकदां थांबून सर्व बंधनें पुन्हां आवळावीं, कारण हादऱ्यांनीं माल बसतो व पट्टे सैल पडतात. ज्याची कड कापली गेली असेल तो पट्टा तेथेंच कापून दोन तुकडे करावे, म्हणजे तो दुसऱ्या कोणाच्या हातीं लागणार नाहीं.