मोर पाहावा केव्हा?

बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले. बालाघाटाच्या माळरानावरील खुरट्या काटेरी झुडपांचे हे सुमारे ३० चौरस किलोमीटरचे क्षेत्र. वनसंपत्तीच्या बाबतीत दरिद्री असलेल्या या जिल्ह्यातील लोकांना तेथे जावेसे वाटावे, हे स्वाभाविकच आहे. प्रश्न आहे तो केव्हा जावे, याचा.

मोर पाहावा तो पावसाळ्यात, ही समजूत काही खोटी नव्हे. नर पिसारा फुलवितो तो याच दिवसांत, आणि पाऊस सरता सरता तो गाळूही लागतो. परंतु लांडोर अंडी घालते तीही याच दिवसांत आणि झुडपाच्या आडोशाला, चक्क जमिनीवर! चार-सहा अंडी सुमारे चार आठवडे ती एकटीच उबविते. नाचणाऱ्या नराचा त्या कामी काडीचाही उपयोग नसतो. नृत्य दिसावे म्हणून पायवाट सोडून कोणी झुडपांत शिरला, की लांडोर उठते, अंडी उघडी पडतात आणि कावळ्या-मुंगसांचे फावते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अभयारण्यातील प्रवेश परवान्याच्या अधीन ठेवला आहे. पर्यटन हे त्या परवान्याचे एक मान्य कारण आहे. तेव्हा आषाढ ते भाद्रपद आतल्या पायवाटा बंद ठेवून रस्त्याच्या कडेवरूनच मोर पाहू द्यावेत, आणि कार्तिकानंतर त्या वाटा मोकळ्या कराव्यात, यात कायद्याची आडकाठी दिसत नाही. उन्हाळ्यात मात्र पाणवठ्यांपासून माणसांनी दूरच राहावे.

शेळ्या राखणारा गावकरी आणि सहलीला आलेला शहरवासी यांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय होय. ज्याच्या पेरलेल्या बियाण्यावर मोर ताव मारतात, त्याला विश्वासात न घेता केलेले निर्बंध काय करतात, हे शेजारच्या सोलापूर-नगर जिल्ह्यांत दिसले आहे. तेथे १९७९ साली माळढोकासाठी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. गावे, शेते सारी त्यात आली, जमिनींचे व्यवहार अडले, लोक बिथरले. पुढे क्षेत्र बाराशेच्या घरात आणावे लागले. माळढोक मात्र जवळजवळ नाहीसा झाला. नायगावात चराईच्या जागा ग्रामसभांना विचारूनच ठरविल्या पाहिजेत.

शाळांनी सहली पौषात न्याव्यात. पिसारा तेव्हा पुरता वाढलेला नसेल. परंतु त्या वर्षीची पिले आईमागोमाग माळावर दाणे टिपताना दिसतील.