दोन नोंदी, एक व्यक्ती

रुग्णालयाच्या नोंदवहीत 'सरस्वती गणपत चौधरी, वय ४५' अशी एक नोंद आहे, असे समजू. काही वर्षांनी नगरपालिकेच्या मृत्युनोंदीत 'सरस्वतीबाई चौधरी, वय ५०' असे नाव आढळते. ही एकच स्त्री की दोन?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, परंतु तो तसा नाही. मुंबईत १९६३ साली इंडियन कॅन्सर सोसायटीने कर्करोग-नोंदणी सुरू केली. अशा नोंदणीत तीन रुग्णालयांत गेलेला एक रुग्ण तीन वेळा मोजला गेल्यास रोगाचे प्रमाण फुगते. उलटपक्षी, मृत्यूची नोंद मूळ नोंदीशी जुळली नाही, तर मृत रुग्ण जिवंतांत गणला जातो आणि उपचार आहे त्याहून गुणकारी भासतो.

विखुरलेल्या नोंदी एकत्र आणण्याच्या या क्रियेस आपण 'नोंदजोडणी' म्हणू. १९५९ साली कॅनडात हॉवर्ड न्यूकोम व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील विवाह व जन्म यांच्या नोंदी गणकयंत्राच्या साहाय्याने जोडण्याची पद्धती प्रसिद्ध केली.

प्रथम सर्व नोंदींना एकच रूप द्यावे लागते. 'बाई', 'राव', 'श्रीमती' अशी पदे वेगळी काढावयाची आणि तारखा एकाच क्रमाने लिहावयाच्या. त्यानंतर गट पाडावयाचे. दहा हजार नोंदींच्या दोन याद्यांमध्ये प्रत्येक नोंद प्रत्येकीशी ताडली, तर दहा कोटी जोड्या तपासाव्या लागतील. दोन्ही याद्यांचे ५० समान गट पाडून फक्त समान गटांतीलच नोंदी ताडल्या, तर हे काम २० लाख जोड्यांवर येते. गट आडनावाच्या उच्चारावरून पाडले असता वर्णलेखनातील फरक फारसे बाधत नाहीत.

यानंतर खरा विचार सुरू होतो. प्रत्येक रकान्यातील साम्याचे मोल सारखे नसते. एखादे आडनाव दर हजारांत एकाचे असेल, तर दहा हजार मृत्युनोंदींत ते सुमारे दहा वेळा आढळेल. त्याशिवाय लिंग व जन्ममासही जुळावयास हवेत, अशी अट घातली, तर केवळ योगायोगाने जुळणारी नोंद सरासरीने एकही उरत नाही. परंतु तेच आडनाव दर वीसांत एकाचे असेल, तर ५०० नोंदी सापडतील आणि तीच अट घालूनही सुमारे २१ परक्या व्यक्ती शिल्लक राहतील. विरळ गोष्टीतील साम्य हा बळकट पुरावा होय. सर्वसामान्य गोष्टीतील साम्य हा दुबळा पुरावा होय.

विसंगतीचेही असेच मोजमाप करावे लागते. आपल्याकडे वय पुष्कळदा शून्य वा पाच या अंकांवर संपणारे सांगितले जाते. म्हणून वयातील दोनतीन वर्षांच्या फरकाने जोडी बाद ठरवू नये. तसेच विवाहानंतर स्त्रीचे आडनाव बदलले असण्याचा संभव ध्यानी घ्यावा. १९६९ साली आयव्हन फेलेगी व ॲलन सन्टर यांनी या सर्व विचारास गणिती पाया दिला आणि जोड्यांचे तीन वर्ग केले: जुळणाऱ्या, न जुळणाऱ्या व संदिग्ध. संदिग्ध जोड्या माणसाने स्वतः तपासावयाच्या असतात.

यंत्र कितीही वेगवान असले, तरी कागदावर जे उतरलेच नाही ते त्यास जुळविता येत नाही. नोंद करणाऱ्या कारकुनाने पित्याचे वा पतीचे नाव, जन्मतारीख आणि पत्ता हे रकाने रिकामे सोडले नाहीत, तर सरस्वतीबाईंच्या दोन नोंदींचा निर्णय पुढे कोणासही विश्वासाने करता येईल.