कुरळे केस घरच्या घरी कसे कापावेत

चार बाया एकत्र बसल्या की त्यांची डोकी पाहा. कुणाचे केस सरळ असतात. कुणाचे थोडे लाटालाटांचे असतात. आणि कुणाचे अगदी कुरळे. बट ओढली की लांब होते, सोडली की पुन्हा गुंडाळून वर जाते.

कुरळ्या केसांच्या मुलीला लहानपणापासून बोलणी खावी लागतात. "काय गं या झिंज्या! जरा तेल लावून चापून बस ना!" असे घरचेही म्हणतात आणि दारचेही. आई तेल चोपडते, फणी घालून ओढते, पोर रडते. पुढे तीच मुलगी मोठी झाली की केस घट्ट बांधून पदराखाली झाकते. केस कापायचे म्हटले तर तिला भीती वाटते. कधी तरी कुणी तरी कापून दिलेले असतात आणि ते भलतेच आखूड झालेले असतात.

यात केसांचा दोष नाही. बाईचाही नाही. कुरळे केस कापण्याची रीतच वेगळी आहे. ती एकदा कळली म्हणजे हे काम घरी होते, पैसा लागत नाही आणि डोक्याचा त्रासही वाचतो. पुरुषांनी केस वाढवले असतील तर त्यांनाही हीच रीत लागू आहे.

केस कुरळे का होतात?

आपण सोऱ्यातून शेव पाडतो. साच्याचे भोक गोल असेल तर शेव गोल पडते. भोक चपटे असेल तर चपटी पट्टी पडते. केसाचेही काहीसे असेच आहे. प्रत्येक केस कातडीतल्या एका बारीक पिशवीतून वर येतो. ती पिशवी सरळ असली तर केस सरळ येतो. ती वाकडी असली तर केस वळणे घेत येतो. सरळ केस आडवा कापून मोठ्या भिंगातून पाहिला तर बहुधा गोल दिसतो, कुरळा केस चपटा दिसतो. ही ठेवण आईबापांकडून आणि आजीआजोबांकडून येते. तेल चोपडून किंवा फणीने ओढून ती बदलत नाही.

डोक्याच्या कातडीतून थोडे थोडे तेल सुटत असते. सरळ केसावरून ते सहज खाली उतरते. कुरळ्या केसावर मात्र वळणेच वळणे. तेल टोकापर्यंत नीट पोचत नाही. म्हणून कुरळ्या केसांची टोके कोरडी पडतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. केस भिजला की त्याच्या आतले काही बंध सैल होतात आणि वळण सुटते. ओली बट लांब दिसते. वाळताना ते बंध पुन्हा जुळतात आणि बट वर चढते. ओली असताना खांद्याला टेकणारी बट वाळल्यावर हनुवटीपाशी येऊन थांबते. म्हणजे ओला कुरळा केस आपली खरी लांबी दाखवत नाही.

खोटे वाटत असेल तर स्वतः करून पाहा. न्हाल्यावर एक ओली बट निवडा. तिच्या बाजूने एक दोरा धरा आणि बट संपेल तिथे दोऱ्याला गाठ मारा. केस वाळले की तीच बट त्याच दोऱ्याला लावून पाहा. गाठ किती खाली राहिली ते दिसेल.

केस कापण्याच्या पुष्कळ दुकानांत केसांवर पाणी मारतात, कंगव्याने ताणतात आणि मग कात्री चालवतात. सरळ केसांना ते चालते. कुरळ्या केसांचे मात्र त्यात नुकसान होते. दोन बोटे कापले असे वाटते आणि वाळल्यावर चार बोटे गेलेले दिसतात.

टोके कापायचीच कशाला?

केसाचे टोक कोरडे पडले की त्याला फाटे फुटतात. दोरीचे टोक उसवते तसेच हे. एका केसाचे दोन होतात, दोन्ही खरखरीत होतात आणि शेजारच्या केसांत अडकतात. फुटलेले टोक कोणत्याही तेलाने कायमचे सांधत नाही. तेवढे टोक कापून टाकणे हाच उपाय आहे. दर तीन-चार महिन्यांनी एकदा कापले तरी पुरे.

कापल्याने केस जोराने वाढतात, असे पुष्कळ जण समजतात. ते खरे नाही. केस वाढतो तो मुळाशी, कातडीच्या आत. टोकाला काय झाले याची मुळाला खबर नसते. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर किंवा थोडा जास्त वाढतो, मग कात्री लावा की न लावा. कापल्याने एवढेच होते की टोके तुटायची थांबतात, म्हणून वाढलेली लांबी टिकते.

कुणी म्हणतात शनिवारी कापू नये, कुणी म्हणतात अमावास्येला कापू नये. केसाला वार कळत नाही आणि तिथीही कळत नाही. कातडीबाहेर आलेला केस निर्जीव असतो, म्हणूनच तो कापताना दुखत नाही. तुम्हाला सवड असेल तो दिवस चांगला.

गुंता, गाठ आणि जट

कुरळ्या केसांत गाठी लवकर बसतात. आज गाठ सोडवली नाही, उद्याही नाही, आठ दिवस डोके धुतले नाही, तर गाठीत गाठ बसते. तेल, घाम आणि धूळ तिच्यात साचते. महिने गेले की केसांची दोरी होते. तिलाच आपण जट म्हणतो.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकात अनेक ठिकाणी अशी समजूत आहे की जट म्हणजे देवीचे बोलावणे. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्ती येथे यल्लम्मा देवीचे मोठे ठाणे आहे. जट आली म्हणून मुलींना या देवीला सोडण्याची चाल होती. त्यांचा संसार झाला नाही आणि आयुष्याची माती झाली. हे थांबवण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला. कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ सालीही देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले. तरी भीती गेलेली नाही. जट कापली तर कोप होईल, घरात कुणी दगावेल, या धास्तीने बाया वर्षानुवर्षे ते ओझे वागवतात. मान दुखते. झोपताना कूस बदलता येत नाही. आत उवा होतात, कातडीला जखमा होतात.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायांच्या घरी जातात, त्यांची आणि घरच्यांची समजूत घालतात आणि बाईच्या संमतीने जट कापून देतात. अशा शेकडो बायांची डोकी मोकळी झाली आहेत. जट कापली म्हणून त्यांच्यावर कुणाचा कोप झाला नाही.

तेव्हा केसांचा गुंता ही लहान गोष्ट समजू नका. जट वरून येत नाही. ती न सोडवलेल्या गाठीतून होते. ज्या घरात आठवड्याला केस धुतले जातात, गुंता सोडवला जातो आणि फुटलेली टोके वेळच्या वेळी कापली जातात, त्या घरात जट होत नाही.

काय काय हवे?

एक लहान, धारदार कात्री. तिने कागद, कापड, दोरा काही कापायचे नाही. ती केसांसाठीच ठेवायची. बोथट कात्री केस कापत नाही, चावते, आणि चावलेल्या जागी नवे फाटे फुटतात. एक-दोन केस कापून पाहा. केस पात्यांत दुमडला तर कात्री बोथट आहे. धार लावणाऱ्याकडून ती आधी पाजवून घ्या.

शिवाय मोठ्या दात्यांचा कंगवा, दोन आरसे, केस बांधायला चार रिबिनी आणि खांद्यावर घ्यायला जुने कापड. बस्स, एवढेच.

आदल्या रात्रीची तयारी

केसांना खोबरेल तेल लावा. बोटांनी गुंता सोडवा. मग मोठ्या दात्यांचा कंगवा घ्या आणि टोकापासून सुरुवात करा. आधी खालची वीतभर मोकळी करा, मग तिच्या वरची. मुळापासून एकदम ओढलात तर सगळ्या गाठी खाली जमतात आणि केस तुटतात.

सकाळी शिकेकाईने किंवा तुम्ही वापरता त्या साबणाने केस धुवा. पंचाने खसाखसा पुसू नका. जुन्या सुती कापडात दाबून पाणी टिपा आणि केस आपोआप वाळू द्या. वाळल्यावर कंगवा फिरवू नका. बटा जशा आपापल्या गुंडाळतील तशाच राहू द्या.

आता कात्री घ्या

१. उजेडात बसा. मधोमध भांग पाडा. मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत दुसरा भांग पाडा. केसांचे चार भाग झाले, दोन पुढे आणि दोन मागे. तीन भाग रिबिनीने बांधा, एक मोकळा ठेवा.

२. त्या भागातली एकच बट हातात घ्या. जे केस मिळून एक वळण घेतात ती एक बट. ती टोकापाशी हलकेच धरा. ताणू नका. ताणलेली कुरळी बट ओल्या बटेइतकीच फसवते.

३. टोक नीट पाहा. जिथे ते विरळ आणि खरखरीत दिसते तेवढेच कापा. बहुधा अर्धे बोट, म्हणजे सुमारे १ सेंटीमीटर पुरते.

४. अशी एकेक बट घेत चला. कापलेल्या बटा पुढे सोडा म्हणजे दोनदा कापल्या जाणार नाहीत. मग दुसऱ्या बाजूचा पुढचा भाग घ्या. आरशात दोन्ही बाजू मिळवून पाहा.

५. मागचे केस लांब असतील तर खांद्यावरून पुढे घेऊन कापा. आखूड असतील तर एकटीने धडपडू नका. बहिणीला, जावेला, शेजारणीला बोलवा. दुसरा आरसा पाठीमागे धरायला लावा. मग तिचे केस तुम्ही कापा.

६. कपाळावरच्या बटा सर्वांत शेवटी घ्या आणि सर्वांत कमी कापा. त्या वर चढल्या तर झाकता येत नाहीत.

७. डोके हलवा, केस मोकळे करा आणि थांबा. एखादी बट पुढे आलेली दिसली तरी लगेच कात्री उचलू नका. दोनदा न्हाणे होऊ द्या. केस आपली जागा घेतात. तरीही ती बट पुढेच राहिली तर तेवढीच कापा. राहिलेला केस उद्या कापता येतो, कापलेला केस उद्या जोडता येत नाही.

हे टाळा

सगळे केस एका मुठीत बांधून एका फटक्यात कापू नका. प्रत्येक बटेचे वळण सारखे नसते. कुणी जास्त गुंडाळते, कुणी कमी. मुठीत सारख्या दिसणाऱ्या बटा सुटल्यावर वरखाली होतात.

लहान मूल चुळबूळ करत असेल तर कात्री बाजूला ठेवा. डोळ्यांजवळ कात्रीचे टोक नेऊ नका.

डोक्यात उवा असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त करा. डोक्यावर चट्टे पडले असतील, खपल्या धरत असतील किंवा केस झुबक्यांनी गळत असतील, तर ते कात्रीचे काम नाही. डॉक्टरला दाखवा. रोज ५० ते १०० केस गळतात, त्याची मात्र चिंता नको.

कापलेले केस झाडून गोळा करा. मोरीत टाकू नका, मोरी तुंबते. खताच्या खड्ड्यात टाकले तर सावकाश कुजून त्यांचे खत होते.

आणि घरात कुरळ्या केसांची मुलगी असेल तर तिच्या केसांना झिंज्या म्हणू नका. तिला मोठ्या दात्यांचा कंगवा आणून द्या, टोकापासून विंचरायला शिकवा. ती मोठी होईल तेव्हा आपले केस आपल्या हाताने राखील, आणि कुणी काही भीती घातली तर तिला उत्तरही देईल.

वाचा आणि सांगा

१. ओली कुरळी बट लांब का दिसते?
२. टोके कापल्याने केस जोराने वाढतात का? केस कुठून वाढतो?
३. जट कशी तयार होते? ती होऊ नये म्हणून घरात काय करावे?
४. दोऱ्याने बट मोजून पाहा. ओली किती होती, वाळल्यावर किती झाली, ते वहीत लिहा.