सतरा कोटींत एक

एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. असा एक संच पूर्ण भाराने चालतो, तेव्हा त्याचा बॉयलर तासाला सुमारे ७०० टन वाफ देतो. ही वाफ टर्बाइन फिरवते, कंडेन्सरमध्ये तिचे पाणी होते आणि ते पुन्हा बॉयलरकडे जाते. गळतीत किंवा ब्लोडाउनमध्ये (बॉयलरमधले क्षार साचलेले पाणी मुद्दाम सोडून देताना) गेलेले टक्का-दोन टक्के पाणीच काय ते नव्याने भरायचे.

पण ते साधे पाणी चालत नाही. समजा, लिटरमागे २०० मिलिग्रॅम क्षार असलेले, पिण्यास उत्तम पाणी घेतले. यात पाणी हे द्रावक, क्षार हे द्राव्य आणि दोन्ही मिळून द्रावण. तासाला ७ टन पाणी भरले, तर त्यासोबत १.४ किलो क्षार आत जातील. दिवसाला ३३ किलोंहून जास्त. पाण्याची वाफ होते, क्षार मात्र बहुतांशी मागेच राहतात. नळ्यांना आतून थर धरतो, उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि नळी तापून फुटते. म्हणून डीएम (डिमिनरलायझेशन) प्लांटमध्ये रेझिनच्या मण्यांमधून नेऊन पाण्यातले क्षार काढतात.

सिलिका मात्र वेगळीच डोकेदुखी. प्रचंड दाबाखालची वाफ स्वतःच द्रावक बनते आणि सिलिका विरघळवून सोबत नेते. टर्बाइनमध्ये दाब उतरला, की वाफेची ही ताकद संपते आणि सिलिका पात्यांवर काचेसारखी बसते. म्हणून अशा संचांच्या वाफेत सिलिका साधारण अब्ज भागांत २० भागांच्या आत ठेवतात, म्हणजे लिटरभर पाण्याच्या वाफेत २० मायक्रोग्रॅम.

आता रेणू मोजू. एक लिटर पाण्यात सुमारे ३३ वर २४ शून्ये इतके रेणू असतात. वीस मायक्रोग्रॅम सिलिकाचे रेणू भरतात सुमारे २० कोटी अब्ज. भागाकार केला, तर पाण्याच्या जवळजवळ १७ कोटी रेणूंमागे सिलिकाचा एक. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. म्हणजे दीड महाराष्ट्रात एकच परका माणूस!

तरीही तासाला ७०० टन वाफ म्हटल्यावर १४ ग्रॅम सिलिका टर्बाइनमधून जाते. संच वर्षभर अखंड चालला, तर सुमारे १२२ किलो. यातली बहुतेक पुढे कंडेन्सरमध्ये जाते आणि पाण्यासोबत पुन्हा फिरते. पण शंभरातला एक भाग जरी पात्यांवर चिकटला, तरी वर्षाला सव्वा किलो थर. आणि ही पाती मिनिटाला ३००० फेरे घेत असतात.

मग सिलिकाचा शेवटचा रेणूही काढला तर? पाणी तरीही निव्वळ पाणी राहत नाही. त्याचे काही रेणू आपले आपणच फुटतात: २५ अंश सेल्सिअसला लिटरभर अतिशुद्ध पाण्यात सुमारे ६ कोटी अब्ज हायड्रोजन आयन आणि तितकेच हायड्रॉक्साइड आयन असतात. त्यामुळे असे पाणीही किंचित वीज वाहून नेते, समुद्राच्या पाण्याच्या साधारण दहा लाखांश. शुद्धतेची यापुढची पायरी पाण्यापाशीच नाही. डीएम प्लांट कितीही मोठा बांधला तरी.