इरल्याखालची कोरडी पाठ

जुलैतला पाऊस कर्जतच्या खाचरांवर कसा कोसळतो हे ज्यानं पाहिलंय, त्याला भातलावणीत छत्री का चालत नाही हे सांगावं लागत नाही. वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि त्यातला मोठा वाटा नेमका लावणीच्या दिवसांत. बाई कमरेतून वाकलेली, डाव्या हातात रोपांची मूठ, उजवा हात चिखलात रोप खोवतोय. छत्रीला तिसरा हात आणायचा कुठून? अंगाला चिकटणारा रेनकोट घातला तर तासाभरात घामानंच भिजायला होतं. या अडचणीवर इथल्या ठाकर, कातकरी आणि शेतकरी घरांनी शोधलेलं उत्तर म्हणजे इरलं.

एका ठाकरवाडीत पडवीच्या वाशाला टांगलेलं जुनं इरलं मी उतरवून हातात घेतलं, तेव्हा पहिलं आश्चर्य वाटलं ते त्याच्या हलकेपणाचं. आकार उपड्या होडीसारखा. वरचं टोक डोक्यावर टेकतं, बाकीचं पाठीवरून कमरेखालपर्यंत उतरतं. बांबूच्या पातळ कांब्यांच्या दोन जाळ्या, आणि त्यांच्यामध्ये दाबून बसवलेली पानं. जाळीची वीण षटकोनी. तिरक्या कांब्या एकमेकींना अडकवून धरतात, त्यामुळे खिळा नाही, गोंद नाही, तरी एकही कांबी जागची हलत नाही. पानं कौलांसारखी एकावर एक चढवलेली. वरच्या पानावरचा थेंब खालच्या पानाच्या पाठीवरच पडतो, आत शिरायला त्याला फट सापडत नाही. वाकून काम करणाऱ्या माणसाची पाठ म्हणजे जवळजवळ आडवं छप्पर. इरलं त्या छपराला मधोमध उंचवटा देतं आणि पाणी दोन्ही बाजूंना निथळतं. पाठ आणि पानं यांच्यामध्ये मोकळी जागा राहते, तिथून वारा खेळतो. ‘दोन्ही हात मोकळे राहिले पाहिजेत ना,’ घरातल्या आजी एवढंच म्हणाल्या. सगळी रचना त्या एका वाक्यात आली होती.

ते इरलं हातात असताना मला आठवण झाली ती कर्जतपासून फार लांबच्या एका पोशाखाची. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ किनाऱ्यांवर राहणारे इन्युइट आणि त्यांचे शेजारी सील, वॉलरस अशा समुद्री प्राण्यांच्या आतड्यांपासून अंगरखे शिवत. आतडं धुऊन, खरवडून, त्यात हवा भरून फुग्यासारखं वाळवायचं. मग उभं चिरून त्याच्या पट्ट्या करायच्या आणि त्या एकमेकींना शिवायच्या. दोरा प्राण्याच्याच स्नायूतंतूंचा. पाणी लागलं की तो फुगतो आणि सुईनं पडलेलं भोक आपसूक बुजतं. कायाकमध्ये, म्हणजे त्यांच्या चिंचोळ्या होडीत, शिकारी कमरेपर्यंत आत बसतो. त्याच्या जलरोधक अंगरख्याची खालची कड होडीच्या तोंडाभोवती आवळून बांधली, की लाट अंगावरून गेली तरी होडीत पाणी शिरत नाही. तिथे माणूस बसलेला, इथे वाकलेला. तिथे झाडच नाही म्हणून आतडं, इथे रानभर पानं आणि बांबू. प्रश्न एकच होता, पाण्यात काम करायचं आणि कोरडं राहायचं. ज्यांनी तो सोडवला त्यांनी एकमेकांचा देश स्वप्नातही पाहिला नसेल.

तो आतड्याचा अंगरखा आज युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड जपलेला आहे. तसलीच आणखी एक थक्क करणारी वस्तू म्हणजे पूर्व ग्रीनलंडचा लाकडी नकाशा. कुनित नावाच्या माणसानं कोरलेला हा नकाशा १८८५ मध्ये डॅनिश अधिकारी गुस्ताव होल्मनं विकत घेतला. लाकडाच्या तुकड्याच्या एका कडेनं किनारा वर जातो आणि वळसा घालून दुसऱ्या कडेनं पुढे चालू राहतो. प्रत्येक खाच म्हणजे एक खाडी. होडी खांद्यावर घेऊन जमिनीवरून कुठे पलीकडे जाता येईल, तेही त्यात दाखवलेलं. किनाऱ्यासमोरच्या बेटांसाठी वेगळी काठी. बोटांनी चाचपून वाचता येईल असा हा नकाशा!

असल्या हजारो वस्तू कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयात साठल्या होत्या. पुढे डेन्मार्क आणि ग्रीनलंड यांनी एकत्र बसून ठरवलं, आणि १९८०च्या दशकापासून २००१ पर्यंत सुमारे ३५,००० वस्तू नूक इथल्या ग्रीनलंडच्या संग्रहालयात परत गेल्या. या उपक्रमाचं नाव ‘उतिमुत’, म्हणजे परत. संग्रहालयांच्या जगात इतक्या सलोख्यानं झालेली घरवापसी मला दुसरी माहीत नाही.

आपल्याकडचा प्रवास लहान आहे. कर्जतहून रेल्वेनं बोरघाट चढला की पुणं. तिथे आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते आहे, आणि तिच्या संग्रहालयात महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींच्या घरातल्या, शेतातल्या, सणावारांच्या वस्तू जपल्या आहेत. पुस्तकांतही जपणूक झाली. कातकऱ्यांवर वेलिंग यांचा ग्रंथ १९३४ मध्ये आला, ठाकरांवर ल. ना. चापेकरांचा १९६० मध्ये. दोन्ही इंग्रजीत. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या वाड्यांपर्यंत ते पोचले नाहीत, याची मला फार रुखरुख वाटते.

कातकरी हे नावसुद्धा जपून ठेवलेल्या वस्तूसारखंच आहे. खैराच्या लाकडाचा गाभा फोडायचा, त्याच्या ढलप्या मडक्यांत तासन् तास उकळायच्या, पाणी आटवून घट्ट करायचं, की विड्यात पडणारा कात तयार. तो करणारे म्हणून कातकरी, काथोडी. जंगलाचे कायदे आले, खैर तोडायला बंदी झाली, भट्ट्या विझल्या. धंदा बुडाला आणि नाव उरलं. कर्जतशेजारच्या खालापूरच्या वीटभट्टीवर राबणारं कातकरी कुटुंब आजही त्या विझलेल्या धंद्याच्या नावानं ओळखलं जातं.

माणसाचं स्वतःचं नाव कुणी लिहून ठेवलं का, हा मात्र वेगळा प्रश्न. कुनितचं नाव होल्मनं नोंदलं म्हणून आज आपल्याला ठाऊक आहे. कॅनडात १९४०च्या दशकात सरकारनं इन्युइट माणसांना नावांऐवजी नंबर दिले. नंबर कोरलेली गोल चकती प्रत्येकानं जवळ बाळगायची. १९४९ मध्ये माँट्रियलला त्यांच्या कोरीवकामाची विक्री भरली, तेव्हा सारा माल तीन दिवसांत संपला. जग त्या दगडी अस्वलांवर आणि सीलवर लुब्ध झालं. पण शिल्पाच्या तळाशी अनेकदा कोरलेला असे तो चकतीवरचा नंबर. नावं हळूहळू पुढे आली. केनोजुआक अशेवाक या चित्रकर्तीचं ‘मंत्रमुग्ध घुबड’ हे १९६०चं छापचित्र १९७० मध्ये कॅनडाच्या टपाल तिकिटावर झळकलं.

आपल्याकडे वारली चित्रांचं बरंचसं असंच झालं. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूच्या बाजूला गेले, तिथल्या वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना कागद मिळाला, आणि लग्नघरच्या भिंतीवरचं चित्र जगभर पोचलं. जपानमध्ये तोकामाची इथे, जिथे हिवाळ्यात माणसापेक्षा उंच बर्फ साठतो, तिथल्या बंद पडलेल्या शाळेतल्या मिथिला संग्रहालयात आज वारली चित्रं आहेत. म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण पिढ्यान् पिढ्या लग्नाचा चौक, म्हणजे ते भिंतीवरचं चित्र, लिहिणाऱ्या सवाशिणींची नावं कुठल्याच वहीत नाहीत. (चौक काढत नाहीत, लिहितात. हा शब्दही जपायला हवा.)

कर्जत तालुक्यात नाव टिकल्याचं एक फार जुनं उदाहरण आहे. राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याचं बौद्ध लेणं आहे. तिथल्या एका भग्न मूर्तीजवळच्या ब्राह्मी ओळीत लिहिलंय की हे काम कण्हाचा शिष्य बलक यानं केलं. दोन हजार वर्षांच्या पावसाळ्यांनी ते नाव पुसलेलं नाही. त्याच डोंगराखालच्या वाड्यांमध्ये इरली विणणाऱ्यांची नावं दोन पिढ्यांतच हरवतात. इरलं दगडाचं नसतं. पानं कुजतात, कांब्यांना भुंगा लागतो, काही पावसाळ्यांनी ते चुलीत जातं. म्हणून ते विणणारा हात आणि त्याची नोंद, दोन्ही लागतात.

१९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले. ५७ माणसांचा शोध चार दिवसांनंतर थांबवावा लागला, ती माणसं त्या मातीतच राहिली. घरांतली सुपं, कणग्या, टोपल्या, घोंगड्याही त्यांच्याबरोबर गेल्या, आणि त्या कशा करायच्या हे ज्यांच्या बोटांना ठाऊक होतं तीही माणसं गेली. इर्शाळगडाकडे पाहिलं की माझ्या मनात पहिल्यांदा तेच येतं.

ज्या आजींचं इरलं मी पाहिलं ते त्यांच्या सासऱ्यांनी विणलेलं होतं. आता त्या लावणीला जाताना प्लास्टिकची खोळ घेतात, ती बाजारात स्वस्त मिळते. वाडीत इरलं विणता येणारे दोघेच उरलेत, दोघेही साठीच्या पुढचे.

कर्जत-खालापूरच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. येत्या जूनमध्ये मुलांना घरची एक जुनी वस्तू शाळेत आणायला सांगा आणि एक जाड वही करा. वस्तूचं नाव वाडीत जसं म्हणतात तसंच लिहा. ती कशाची केली, कोणत्या महिन्यात केली, किती दिवस लागले ते लिहा. आणि सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरात, ती कुणी केली त्याचं पूर्ण नाव लिहा.